गोधडीतून कापलेलं झबलं

आमच्या घरात कधीही या, एखादी अर्धवट गोधडी पायात येणारच. एक दिवाणावर, एक शिलाई मशीनखाली, एक कपाटावर गाठोड्यात, आणि एक दाराआडच्या खिळ्याला, कारण तिचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सुरू करते झपाट्यानं. जुन्या साड्यांचे तुकडे जमिनीवर मांडायला लागले की मला तहानभुकेचं भान राहत नाही. मग अर्ध्यातच दुसरी रंगसंगती डोक्यात शिरते आणि पहिली बिचारी तशीच पडून राहते. आमच्या ह्यांची एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात नोकरी. ड्यूटीवरून आले की चपला काढता काढता विचारतात, "आज कुठली नवीन जन्माला आली?" मी म्हणते, बाल्कनीतला नळ दुरुस्त करणार होतात ना, त्याचं काय झालं? मग पेपर उघडतात.

घरात दोन मांजरं. एक बोका, आळशी आणि आगाऊ. मला पुढचा कुठला तुकडा लागणार हे माझ्याआधी त्याला कळतं आणि तो नेमका त्याच्यावर जाऊन पसरतो. दुसरी मनी, तीन रंगांची, बारकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला वेगळं नाव ठेवायचं माझ्या मनात होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "नाव कशाला? मांजर म्हंजे मनीच." झालं, मनी ठरली.

सासूबाई मूळच्या नांदगावकडच्या, शेतातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. दोन्ही डोळ्यांनी आता अंधुक दिसतं, तरी खिडकीखाली मांडी ठोकून त्या गोधडी शिवायच्या. बघून नाही, बोटांनी. डाव्या हाताचं बोट कापडाखाली, उजव्या हातात सुई, आणि टाके असे सरळ की मी पट्टी लावून शिवले तरी मला जमणार नाहीत. माझं काम फक्त सुईत दोरा ओवून द्यायचं. दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की मला तासभर सुट्टी.

त्यांची पद्धत ठरलेली. कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल आत येत जायचं. मधोमध हातभर जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवायची. तिथं भाकरीचा बारकासा तुकडा घालून मगच शेवटचे टाके. "गोधडीला उपाशी ठेवायची नाय," असं त्या म्हणत. आणि दुसरा नियम: एकदा शिवायला घेतलेल्या गोधडीला कात्री लावायची नाही. चुकलं तर उसवा, जोड द्या, पण कात्री नाही. एकदा मी माझ्याच एका गोधडीची वाकडी कड कापून टाकली, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. अहो, गोधडी माझी, कात्री माझी! पण नाहीच बोलल्या.

त्यांनी आता शिवायला घेतलेली गोधडी मात्र वेगळी होती. जन्मभरात त्यांनी किती गोधड्या शिवल्या त्याचा हिशोब नाही. लेकींना, नणंदांना, नातवंडांना, शेजारणींच्या बाळंतपणांना. स्वतःला एकही ठेवली नाही. थंडीत शाल नाहीतर बाजारातलं ब्लँकेट. या वेळी पेटीतून स्वतःची तीन जुनी लुगडी काढली आणि म्हणाल्या, "ही कुणाला द्यायची नाय. ही माझी." मी म्हटलं, "बरं आई, तुमची." त्यावर पुन्हा म्हणाल्या, "शेवटची हाय. डोळं काय आता साथ देत न्हाईत." मी विषय बदलला. मला असलं बोललेलं सहन होत नाही.

गोधडी मधल्या हातभर जागेपर्यंत आली आणि नेमकी त्या जागेवर मनी व्याली.

सकाळी मी सुया ओवायला गेले तर मनी गोधडीच्या ऐन मधोमध आडवी, पोटाशी तीन ओले गोळे. मी ओरडलेच, "अगं बाई, आईंची गोधडी!" मी मनीसाठी खोक्यात किती छान जुन्या साड्या अंथरून ठेवल्या होत्या. तिथं दोन रात्री झोपून बाईसाहेबांनी ऐन वेळी जागा बदलली. मी पिल्लं उचलायला वाकले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "राहू दे. बाळंतिणीला उठवतात व्हय? धुता येईल नंतर." मी म्हटलं, "आई, अर्धी गोधडी धुतली तर आतले थर सरकून गोळे होतील." "मग नाय धुयाची," त्या म्हणाल्या. संपला विषय.

पिल्लं जगली नाहीत. पहिलं दुसऱ्या दिवशी गेलं, मग उरलेली दोन्ही. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, अशक्त होती, तुमची काही चूक नाही. असं म्हटल्यानं काय होतं? ह्यांनी सोसायटीच्या मागच्या लिंबाखाली त्यांना पुरलं. आणि मी, मला दुःख झालं की मी धुवायला बसते. गोधडीवाल्या बाईला ती सवयच लागते. जुनं कापड आलं की आधी गरम पाण्यात. मी खोक्यातल्या साड्या, पिल्लांना पुसलेली फडकी, मनीचं पांघरूण, सगळं साबणात बुडवलं आणि हात लाल होईपर्यंत घासलं. घरात नुसता साबणाचा वास.

मनी घरभर हिंडत होती. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, घोगरा, हलका, जसं कुणाला दुसऱ्या खोलीतून बोलवावं. कपाटाखाली बघायची, मशीनखाली बघायची, परत गोधडीवर येऊन हुंगायची. तिचं पोट दुधानं तटतटलं होतं. बोकासुद्धा तिच्या वाटेतून बाजूला व्हायचा. मला ते बघवत नव्हतं.

कापडं दोरीवर घातली त्याच सकाळी मी द्वारका चौकाच्या अलीकडे माझ्या नेहमीच्या फुलवाल्या बाईकडे गेले. तिचं स्वतःचं शेत आहे शहराबाहेर, झेंडू-शेवंती करते. मला बघून म्हणाली, "ताई, बरं झालं आल्या. तुमच्याकडं मांजरं हायेत ना? हे बघा काय आलं झेंडूत." क्रेटच्या तळाशी, पिवळ्या पाकळ्यांत, डोळे मिटलेलं एक पिल्लू. राखाडी, अंगठ्याएवढं डोकं. शेतातल्या शेडमध्ये कुठलीतरी मांजर क्रेटमध्ये व्याली असणार. अंधारात माल भरला, गाडी निघाली, आणि हे एकटं शहरात आलं. तिनं घरी फोन करून शोधायला लावलं होतं, पण आई काही सापडत नव्हती. "घेऊन जा ताई, नायतर मरंल," ती म्हणाली. मी पदरात घेतलं आणि रिक्षा केली. वाटभर मला एकच दिसत होतं: घरी दुधानं भरलेली एक आई आहे आणि माझ्या ओच्यात बिनआईचं लेकरू. देवानं अगदी जुळवून पाठवलंय, मला वाटलं.

कसलं काय! पिल्लू समोर ठेवल्यावर मनी दोन पावलं पुढे आली, हुंगलं, आणि अशी फिस्कारली की मी दचकले. पंजा उगारला. पिल्लू पालथं पडलं. दुसऱ्यांदा ठेवलं, दुसऱ्यांदा तेच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या मांजरीच्या पिल्लांचा वास याला लावून बघा, पिल्लं ज्या कापडावर होती ते याच्या अंगावर घासा. मी बाल्कनीत बघितलं. दोरीवर सगळी कापडं स्वच्छ, लख्ख, वाऱ्यावर फडफडत होती. माझ्याच हातांनी घासलेली. मी कपाळाला हात लावून तिथंच खाली बसले.

ड्रॉपरनं दूध पाजायचा प्रयत्न केला. तोंडाच्या कडेनं सगळं बाहेर. पिल्लाचा आवाज सकाळी होता तो दुपारी उरला नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली, तरी पाय गार. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, इतक्या लहानाला आईचं दूध मिळालं तर ठीक, नाहीतर फार आशा धरू नका. माझा जीव टांगणीला लागला. एका घरात तीन गेली, आता चौथं डोळ्यांदेखत जाणार.

हे घरी आले, सगळं ऐकलं आणि सहज म्हणाले, "गावाकडं गाईचं वासरू मेलं की नाही का करायचे, त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढं ठेवायचे? गाय चाटते आणि दूध देते. तसं काहीतरी करा."

सासूबाई एकदम भडकल्या. एवढ्या शांत बाई, पण हातातली सुई उशीत खचकन खुपसली. "त्याचं नाव काढू नको माझ्यापुढं!"

मी त्यांच्या जवळ जाऊन बसले. मग त्यांनी सांगितलं. नवीन लग्न होऊन आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. गोठ्यातली गाय व्याली, वासरू गेलं. घरात लहान पोरं, दूध तर हवं. त्यांच्या सासऱ्यांनी पेंढ्याचं वासरू करून घेतलं. रोज धार काढताना ते गाईपुढं उभं करायचं आणि ते धरायचं काम या नव्या सुनेकडं. "ती गाय त्याला चाटायची रे. चाटून चाटून शिवण उसवली, पेंढा बाहेर आला, तरी चाटायची. आन् इकडं पान्हा सोडायची. मी तोंड फिरवून उभी राहायची. मुक्या जिवाला फसवून आपण दूध पितो, माझ्या घशाखाली नाय उतरलं ते दूध. कधीच नाय." मला आता आठवलं, त्या चहासुद्धा कोराच घेतात. इतकी वर्षं मला वाटायचं, पित्ताचा त्रास असेल.

माझी नजर मात्र आधीच त्या गोधडीकडे गेली होती. घरात मनीच्या पिल्लांचा वास राहिलेली एकच जागा होती, ती मधली न धुतलेली हातभर. पण पिल्लाला तिच्यावर नुसतं घासावं तर वास किती टिकणार, आणि गोधडीतच गुंडाळावं तर ती त्याच्या कितीतरी पट जड. तुकडाच कापायला हवा. म्हणजे एकीकडे कात्री, दुसरीकडे फसवणूक, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या एकुलत्या एका गोधडीत. मी नुसतं पिल्लू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. विचार करून नाही. मला चहा टाकायला हात मोकळे हवे होते.

स्वयंपाकघरातून मी बघत होते. त्यांनी पिल्लू डोळ्यांजवळ नेलं, दिसलं नसणारच, मग बोटानं चाचपलं. कान, पाठ, पोट. बोट तोंडापाशी गेलं तसं पिल्लानं ते धरलं आणि चोखायला लागलं. दुसरा हात त्यांनी शेजारच्या गोधडीवर ठेवला.

"कात्री दे," त्या म्हणाल्या.

"आई, नको. तुमची गोधडी आहे."

"दे म्हणते ना. फसवायचं तर फसवू. पाप माझ्या माथ्यावर. हे एवढंसं बोट धरून बसलंय, त्याला मी काय सांगू?"

मी कात्री दिली. हे पुढे झाले, "आई, मी कापतो," तर त्यांनी हात झटकला. गोधडी मांडीवर ओढली, मधली जागा बोटांनी शोधली आणि कात्री चालवली. लुगड्याचे थर कापताना कर्रकर्र आवाज आला आणि माझ्याच काळजात चर्र झालं. वरचा डागाळलेला थर त्यांनी सोडवून घेतला, घडी घातली, हाताला दोन भोकं पाडली. एवढ्या नातवंडांची झबली शिवलेले हात ते. चार टाक्यांत झबलं तयार. माझ्या मुठीत मावेल एवढं. ते घातलेलं पिल्लू एरवी बघितलं असतं तर मी हसून लोळले असते.

मी पिल्लू दिवाणावर मनीपुढे ठेवलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मनी आली. हुंगलं. झबल्याची बाही हुंगली, पाठ हुंगली, परत बाही. घरात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं डोकं खाली केलं आणि चाटायला सुरुवात केली. आधी झबलं, मग पिल्लाचं डोकं, मग पुन्हा झबलं. चाटता चाटता कुशीवर झाली. पिल्लू आंधळ्यासारखं चाचपडत, घसरत तिच्या पोटाशी पोचलं आणि लागलं की हो प्यायला! त्याच्या चिमुकल्या पंजांची उघडमीट दिसत होती. पन्नाशी ओलांडली मी, बाळंतपण केलंय, बाळंतपणं बघितलीत, पण एक जीव मरणाच्या हातातून सुटून परत येताना असा डोळ्यांसमोर कधी बघितला नव्हता. हे चष्मा पुसत बसले. "आई," मी म्हटलं, "पितंय हो!" त्यांनी मान हलवली, पण वळल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करूनच रडल्या.

सकाळी मी आधी मनीकडे धावले. झबलं पिल्लाच्या अंगावर नव्हतं. तिनं ते रात्रीत दातांनी ओढून काढलं होतं. एक बाही फाटली होती. मला वाटलं, संपलं, कळलं हिला! मी घाईघाईनं झबलं उचलून पिल्लाला घालायला गेले तर मनीनं माझ्या हातावर पंजा ठेवला. नखं आत घेऊन. नुसता ठेवला. मी हात मागे घेतला. मग बघितलं तर पिल्लू उघडंच, राखाडी, परकं, झेंडूच्या वासाचं, तिच्या पोटाशी गच्च चिकटून पीत होतं. आणि मी सोडून दिलेलं झबलं तिनं पंज्यानं ओढून हनुवटीखाली घेतलं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या सरकत सरकत जवळ येऊन बसल्या.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. तिसऱ्या दिवशी मनीनं घर बदललं. पिल्लाला मानेला धरलं आणि दिवाणावरून कपाटाच्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवलं, माझ्या कापडांच्या गठ्ठ्यात. मला वाटलं झालं. पण ती परत आली. दिवाणावर चढली, झबलं तोंडात धरलं, अगदी मानेला धरावं तसं, अलगद, आणि तेही कप्प्यात नेलं. पिल्लाला एका बाजूला ठेवलं होतं, झबल्याला दुसऱ्या बाजूला. आधी झबलं चाटलं. मग पिल्लाला घेऊन पाजायला लागली.

मी जे बघत होते ते शब्दाशब्दानं सासूबाईंना सांगत होते, कारण त्यांना दिसत नव्हतं. पुढे मशीनखाली नेलं तेव्हाही तसंच. दाराआडच्या गोधडीमागे नेलं तेव्हाही. दर वेळी पिल्लू नेऊन झालं की माघारी यायची, झबल्यासाठी. कधी एकाच्या जागी दुसरं धरलं नाही. जिवंत कोण आणि गेलेलं कोण, यात तिचा एकदाही घोळ झाला नाही. आणि आम्ही तिघं शहाणी माणसं बसलो होतो, तिला फसवलं म्हणून पापाच्या वाटण्या करत! थक्क झाले मी. त्या बारक्या डोक्यात हे सगळं कुठं मावत असेल?

पिल्लू आता बोक्याची शेपटी ओढतं. गोधडीचं मधलं भोक मी माझ्या एका साडीच्या पदरानं बुजवायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "लाव. पण भाकरीचा तुकडा मी घालणार." खिडकीखाली आम्ही दोघी बसलो. मी सुया ओवत होते, त्या ठिगळाच्या कडा बोटांनी चाचपत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"काय गं," त्या म्हणाल्या, "मग त्या गाईलाबी ठावं असंल का?"

मी हातातली सुई उशीला टोचली.

"पेंढा बाहेर आला व्हता गं. तोंडात यायचा तिच्या. तिला ठावं असणारच. तरी चाटायची. तिचं लेकरू व्हतं त्या कातड्यात, म्हणून चाटायची. आन् पोरं उपाशी हायेत, म्हणून पान्हा सोडायची." डोळ्यांना पदर लावला त्यांनी. "आन् मी मेली, तिच्याकडं एकदा तोंड करून उभी नाय राहिले."

भाकरीचा तुकडा ठेवून त्यांनी शेवटचे टाके घातले. मग म्हणाल्या, "चहा टाक. आज दूध घाल त्यात."